प्रति: संस्थांचे संग्रह विस्कटले ते केवळ पैशाअभावी?

इंग्लंडमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासक संस्थांचे जीवाश्मसंग्रह केवळ पैशाअभावी विस्कटले, असं तुम्ही म्हणता. पैसा हे एक कारण झालं, पण नोंदीचं काय? यॉर्कशायरमध्ये 1821 साली कर्कडेलच्या गुहेत तरसांची हाडं सापडली, ती जपण्यासाठी 1822 मध्ये यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटी उभी राहिली आणि 1830 मध्ये तिचं संग्रहालय उघडलं. स्कारबरोचं रोटुंडा हे गोल इमारतीतलं संग्रहालय 1829 चं. भूशास्त्रज्ञ विल्यम स्मिथच्या सूचनेनुसार तिथे जीवाश्म खडकाच्या थरांच्या क्रमाने मांडले होते, जुने खाली, नवे वर. फार सुंदर कल्पना! पण अशा मांडणीत फळी हीच अर्धी नोंद असते. नमुना हलला आणि वहीत थर लिहिलेला नसला, की ती माहिती गेलीच.

त्यात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की पायराइट असलेला जीवाश्म भुकटी होऊ लागतो, त्यातून गंधकाम्ल सुटतं आणि शेजारची कागदी चिठ्ठी तपकिरी पडून चुरते. नमुना आणि त्याचं नाव एकदमच जातं. म्हणून क्रमांक नमुन्यावरच लिहावा: आधी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर, तो वाळल्यावर वर शाई, आणि तोच क्रमांक नोंदवहीत.

1845 च्या ब्रिटिश कायद्याने दहा हजारांवर वस्तीच्या नगरांना संग्रहालयासाठी कर बसवता आला. तेव्हापासून संस्थांकडून नगरांकडे संग्रहांची हस्तांतरं वाढली, पण वहीशिवाय हाती आलेलं कपाट निव्वळ दगडांचंच.