चालत्या मालगाडीतल्या वाघिणींची नोंद तुम्ही कशी ठेवता?

मेटलंडकर

नमस्कार मंडळी. मी न्यू साउथ वेल्समध्ये मेटलंडला राहतो. हंटर खोऱ्यातला कोळसा न्यूकॅसल बंदराकडे जातो तो आमच्या गावावरूनच, रात्रंदिवस. तीन वर्षांपूर्वी मुलाला गाड्या दाखवायला म्हणून स्टेशनवर जायला लागलो. त्याचं मन आता फुटबॉलमध्ये आहे, मी मात्र जातोच आहे. सुरुवातीला सगळे काढतात तसे इंजिनांचे फोटो काढले. आता इंजिन पुढे निघून गेल्यावर माझा कॅमेरा वर होतो. मला वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, हव्या असतात: कुठली नवी, कुठली गंजलेली, कुणाचं दार बदललंय, कुणावर जुना रंग शिल्लक आहे.

तीन ठिकाणी अडलोय.

कोळशाची गाडी म्हणजे नव्वदच्या आसपास वाघिणी, दीड किलोमीटर लांब. एकेकीचा फोटो घ्यायला जातो तर निम्म्या सुटतात. मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर थांबवून बघताना नंबर फासल्यासारखे दिसतात.

दुसरं म्हणजे ती अक्षरं. गेल्या महिन्यात सायडिंगला (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर) कंटेनरची एक सपाट वाघीण उभी होती, तिच्यावर व्हीक्यूसीएक्स. मग आकडे, आणि आकड्यांनंतर पुन्हा एक सुटं अक्षर. ही व्ही कसली, एक्स कसला, ते शेवटचं अक्षर कशाला?

तिसरं, चार हजारांवर फोटो झालेत आणि सगळ्यांची नावं कॅमेऱ्याने दिलेली. एखादी वाघीण पूर्वी दिसली होती का, हे शोधायचं तर संध्याकाळ जाते.

कुणी हे नीट करत असेल तर सांगा.

सदर्नलाइन

मेटलंडकर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी गोलबर्नजवळ राहतो, बावीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत वाघिणींबद्दल विचारणारी माणसं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

आधी अक्षरं. ऑस्ट्रेलियात पूर्वी प्रत्येक राज्याच्या रेल्वेची स्वतःची पद्धत होती. 1979 पासून चार अक्षरांची एकच पद्धत आली. पहिलं अक्षर मालकाचं: एन न्यू साउथ वेल्स, व्ही व्हिक्टोरिया, ए ऑस्ट्रेलियन नॅशनल. पुढे आर आलं ते नॅशनल रेल या सरकारी मालवाहू कंपनीचं. दुसरं अक्षर प्रकाराचं. क्यू म्हणजे कंटेनरची सपाट वाघीण, एच म्हणजे हॉपर, तळाची दारं उघडून रिकामी करायची वाघीण, म्हणून तुमच्याकडच्या कोळशाच्या कितीतरी वाघिणींवर एनएचने सुरू होणारी अक्षरं असतात. तिसरं अक्षर उपप्रकाराचं. चौथ्यावरून बोगी आणि वेग कळतो. (बोगी म्हणजे डबा नव्हे हं, डब्याखालचा चाकांचा सांगाडा.) मालक बदलले तरी पहिलं अक्षर बरेचदा तसंच राहतं. व्हिक्टोरियाची मालवाहतूक 1999 मध्ये खाजगी झाली, नॅशनल रेल 2002 मध्ये विकली गेली, पण व्ही आणि आर अजून रुळांवर धावताहेत.

आता तुमचा एक्स. माझं सगळ्यात आवडतं अक्षर! व्हिक्टोरियात दोन रुळांमधलं अंतर 1600 मिलिमीटर, न्यू साउथ वेल्समध्ये 1435. 1962 मध्ये 1435 चा मार्ग मेलबर्नपर्यंत आला आणि तिथल्या साउथ डायननला बोगी बदलायची सोय झाली. वाघीण मालासकट उचलायची, खालच्या बोग्या काढून दुसऱ्या रुंदीच्या सरकवायच्या, पुन्हा खाली ठेवायची. ज्या वाघिणींना हे जमायचं त्यांच्या जुन्या व्हिक्टोरियन नावाच्या शेवटी एक्स लिहीत. तुम्ही पाहिलेल्या वाघिणीवरचा एक्स त्याच वंशातला. 1995 मध्ये मेलबर्न-अॅडलेड मार्गही 1435 चा झाला आणि त्या कामाची गरज जवळजवळ संपली.

आकड्यांनंतरचं सुटं अक्षर पडताळणीचं. आधीची अक्षरं आणि आकडे यांवरून ते ठरतं, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा उतरवला तर अक्षर जुळत नाही. ते टिपायला विसरू नका. अर्धवट दिसलेला नंबर कितीदा तरी त्याच्यामुळे उलगडतो.

व्हिडिओचं दुखणं शटरचं आहे. गाडी ताशी 80 किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला 22 मीटर. ढगाळ दिवशी मोबाइल आपणहून शटर 1/60 सेकंदावर आणतो आणि तेवढ्यात वाघीण हातभर पुढे सरकते. नंबर फासणारच. शटर स्वतः 1/1000 वर बांधून टाका, मग सरकणं दोन सेंटिमीटरवर येतं आणि अक्षरं वाचता येतात. सेकंदाला 60 फ्रेम ठेवा. कॅमेरा तिकाटण्यावर, रुळांना काटकोनात, आणि गाडी संपेपर्यंत हात लावायचा नाही. एका वाघिणीच्या चाळीस-पंचेचाळीस फ्रेम मिळतात, त्यातली एक तरी स्वच्छ असते. आणि उजेड: इथे सूर्य उत्तरेकडून जातो. भारतातून आल्यावर पहिली दोन वर्षं मी सवयीने रुळांच्या दक्षिणेला उभा राहायचो आणि सगळ्या वाघिणी काळ्या यायच्या.

फाइलच्या नावात अक्षरं, नंबर, तारीख, ठिकाण, याच क्रमाने. म्हणजे एकच वाघीण पुन्हा आली की आपोआप शेजारी जाऊन बसते. सोबत वहीत वेळ आणि दिशा, सिडनीकडे असेल तर अप, उलट असेल तर डाऊन. भरलेली की रिकामी, तेही. स्प्रिंगा दबलेल्या दिसतात त्यावरून कळतं.

एक सांगतो, कारण तुम्ही मेटलंडचे आहात. कुरी कुरीजवळ रिचमंड व्हेल रेल्वेचं संग्रहालय आहे. त्या खाजगी मार्गावर 1987 पर्यंत लाकडी, चारचाकी कोळशाच्या हॉपर चालायच्या. त्यांना नॉन-एअर म्हणत, कारण गाडीभर जाणारा हवेचा ब्रेक त्यांना नव्हता. हॉपरचा वरचा पेटारा सांगाड्यापासून सुटा व्हायचा. बंदरावर क्रेनने तो उचलून जहाजाच्या पोटावर नेत आणि तळाची दारं उघडत. मी 2012 मध्ये तिथे गेलो होतो. दिवसभर वाफेच्या इंजिनामागे फिरलो. हॉपरची रांगच्या रांग उभी होती, माझ्या एका फोटोत एकीचा कोपरा आलाय: तीन फळ्या आणि एक गंजलेला बोल्ट. 2017 च्या सप्टेंबरात वणवा आला आणि त्यातल्या कितीतरी जळून गेल्या. त्या कोपऱ्याचा फोटो मी आजही उघडून बघतो. तेव्हापासून आधी वाघिणी, मग इंजिन.

एचओ_मॉडेलवाला

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी 1:87 मापात मॉडेलं बनवतो, म्हणून माझ्या गरजेचं तेवढं सांगतो. उभी वाघीण सापडली तर चारही अंगांनी घ्या. पादचारी पूल असेल तर वरूनही, कारण वरची झाकणं कुणीच टिपत नाही. आणि मापासाठी कंटेनर फ्रेममध्ये असू द्या. वीस फुटी कंटेनर 6.06 मीटरचा असतो, सगळीकडे तेवढाच. समोरून सरळ घेतलेल्या फोटोत त्याच्यावरून बाकीची मापं काढता येतात. मी अशी दोन वाघिणींची मापं काढलीत, कुंपणाच्या बाहेर उभा राहून.

पिवळीरेष

कुंपणाचं निघालं म्हणून. स्टेशनवर स्वतःच्या आवडीसाठी फोटो काढायला सहसा हरकत नसते, पण फ्लॅश अजिबात नको, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतो. गर्दीच्या फलाटावर तिकाटणं उघडू नका. आणि सायडिंगला वाघीण कितीही वेळ उभी असली तरी रुळात उतरायचं नाही. लांब मालगाडीला मागून धक्का बसला की उभी वाघीण आवाज न करता हलते. मी हे पाहिलंय.

मेटलंडकर

काका, मनापासून आभार. रविवारी शटर 1/1000 वर बांधून बसलो. पहिल्याच गाडीत 91 वाघिणी, त्यातल्या 84 चे नंबर वाचता आले! उरलेल्या सातांपैकी पाचांवर कोळशाची काळी ओघळ नंबरावरूनच गेली होती.

मग जुने फोटो नव्या पद्धतीने नाव देऊन लावायला घेतले. सहाशे झालेत. त्यात एक हॉपर तीनदा सापडली. पहिल्या फोटोत तिच्या कडेला ओंजळीएवढा पोचा आहे, दुसऱ्यातही आहे. तिसऱ्यात पोच्याच्या जागी चौकोनी पत्रा जोडलेला, वेल्डिंगची रेघ अजून चकचकीत. मधल्या सात महिन्यांत कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी ते काम केलं, आणि त्याची नोंद माझ्या टेबलावर आहे. मी बायकोला उठवून दाखवलं.

शनिवारी कुरी कुरीला जातोय. उरलेल्या हॉपर बघायच्यात.

सदर्नलाइन

जाच. तळाची दारं आणि त्यांच्या बिजागऱ्या जवळून घ्या, आणि फळ्यांवर कोळसा कंपनीच्या नावाची अक्षरं उरली असतील तर तिरप्या उन्हात, सकाळी लवकर. दुपारी ती दिसत नाहीत.