महिला क्लब लॅक्रॉस: नियम एनसीएएचे, मग शिट्टी ढिली का?

कमानीजवळ

अमेरिकन विद्यापीठांतल्या मुलींच्या क्लब लॅक्रॉसचे (विद्यार्थिनींनी स्वतः चालवलेल्या संघांचे) सामने थोडेफार फेरफार सोडले तर एनसीएएच्या (अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) नियमपुस्तकाप्रमाणेच होतात. तरी क्लबच्या मैदानावर बचावाचे दोन फाउल अगदी क्वचित दिले जातात: थ्री सेकंद्स आणि शूटिंग स्पेस. कारण नेहमीचंच, "मुली नवीन आहेत, खेळ चालू राहू द्या." मला हे अजिबात पटत नाही. मुली नवीन आहेत म्हणूनच हे दोन फाउल पहिल्या मिनिटापासून दिले पाहिजेत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोलमध्ये मारायचा. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये हेल्मेट असतं, हातमोजे, पॅड असतात. मुलींच्या खेळात गोलकीपर सोडली तर बाकीच्यांना फक्त डोळ्यांवरचा जाळीचा गॉगल आणि तोंडात माउथगार्ड. चेंडू भरीव रबराचा, ५ ते सव्वापाच औंसांचा, म्हणजे महिला क्रिकेटच्या चेंडूइतक्याच वजनाचा. तो काठीच्या जाळीतून सुटतो आणि समोर आठ-दहा मीटरवर उघड्या डोक्याची बचावपटू उभी असते. पुढचे नियम या एका गोष्टीतून आलेत.

गोलसमोर ८ मीटरची कमान आखलेली असते. समोरच्या संघाकडे चेंडू असताना बचावपटूने त्या कमानीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. थांबायचं तर कुणा तरी आक्रमक खेळाडूला काठीच्या अंतरात धरून थांबायचं. हा झाला थ्री सेकंद्स. चेंडूपासून गोल-वर्तुळाच्या दोन्ही कडांपर्यंत रेषा ओढल्या की मधे जी पाचर तयार होते, ती शॉटची मोकळी वाट. कुणालाही मार्क न करता त्या पाचरीत अंग घातलं की शूटिंग स्पेस.

आता क्रम पाहा. बचावपटू कमानीच्या मध्यावर नुसती उभी आहे. चार सेकंद झाले, शिट्टी नाही. पाचव्या सेकंदाला चेंडू तिच्या समोरच्या मुलीकडे येतो, ती खांद्यामागे काठी नेते. आता बचावपटू पाचरीत अडकलेली आहे. म्हणजे थ्री सेकंद्स सोडून दिला की त्याच चुकीतून शूटिंग स्पेस तयार होतो, आणि तिथे पंचाला अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यावा लागतो. पहिला फाउल दिला असता तर दुसरा झालाच नसता.

मधली फळी

नियमाचा हेतू मान्य. पण तुम्ही गृहीत धरताय की तो फाउल दिसतो. क्लबच्या बहुतेक सामन्यांना तीन नाही, दोन पंच असतात. पैसे विद्यार्थीच वर्गणीतून भरतात, त्यामुळे हे लवकर बदलणार नाही.

दोन पंचांत काम कसं वाटलं जातं बघा. एक लीड, गोललाइनच्या बाजूला: त्याच्याकडे गोल-वर्तुळ, आत पाऊल पडलं का, गोलकीपरला धक्का लागला का, गोलमागचा चेंडू. दुसरा ट्रेल, वरच्या बाजूला: त्याच्याकडे वरून खेळणारी चेंडूवाली, तिच्यावरचे चेक (चेंडू पाडायला काठीने काठीवर मारलेले टोले) आणि रिस्ट्रेनिंग लाइन (गोलच्या अलीकडे मैदानभर आखलेली आडवी रेषा). त्या रेषेपलीकडे आक्रमणाच्या सात आणि बचावाच्या गोलकीपर धरून आठच हव्यात, म्हणजे प्रत्येक वेळी डोकी मोजणं आलं. मग चेंडूपासून लांब, कमानीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात कोण किती सेकंद उभी आहे हे बघणार कोण? तीन पंचांत तिसऱ्याची नजर तिथे असते. दोघांत ती जागा रिकामी राहते.

परिणाम असा की फाउल चार वेळा होतो आणि एकदा दिला जातो. त्या एकदाची शिक्षा मात्र मोठी: कमानीवरून फ्री पोझिशन (जिच्यावर फाउल झाला तिला मोकळा चेंडू), फाउल करणारी ४ मीटर मागे, आणि समोर एकटी गोलकीपर. क्लबमधली गोलकीपर कधी कधी याच वर्षी पॅड घातलेली मुलगी असते. तीनदा दुर्लक्ष करून चौथ्यांदा एवढी शिक्षा दिली तर ती अन्यायाचीच वाटते. त्यापेक्षा शूटिंग स्पेस शंभर टक्के द्या, आणि थ्री सेकंद्स चेंडूच्या बाजूलाच द्या.

कमानीजवळ

@मधली फळी, पंचांच्या वाटणीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण चेंडूच्या बाजूलाच द्यायचा असेल तर हा फाउल उरतोच किती? चेंडूच्या बाजूची बचावपटू बहुतेक वेळा कुणाला तरी धरूनच असते. ठाण मांडून बसते ती पलीकडची.

शिवाय प्रत्येक थ्री सेकंद्सला खेळ थांबतो असंही नाही. आक्रमण गोलकडे निघालेलं असताना बचावाचा मोठा फाउल झाला तर पंच झेंडा वर करतो आणि शिट्टी रोखून धरतो. आक्रमणाला संधी मिळू दिली जाते, ती विरली की मग फ्री पोझिशन. शूटिंग स्पेसला मात्र शिट्टी लगेच, कारण तिथे थांबलं तर चेंडू कुणाच्या तरी डोक्यावर बसेल. म्हणजे खेळ वाहता ठेवायचा असेल तर पहिला फाउल देणंच सोयीचं.

आणि गणती ऐकू येईल अशी करता येते. चेंडू रिस्ट्रेनिंग लाइनच्या आत आला की लीडने मोठ्याने "कमान मोकळी करा" म्हणायला काय हरकत आहे? पहिल्या पाच मिनिटांत दोनदा आवाज दिला की मुली स्वतः बाहेर पडू लागतात.

सरावाची वही

पंचांवरच सगळं का ढकलायचं? ही चूक सरावात शिकवली जाते, ती सरावातच मोडावी लागते.

क्लबमध्ये येणाऱ्या कितीतरी मुलींनी शाळेत बास्केटबॉल किंवा सॉकर खेळलेला असतो, लॅक्रॉसची काठी पहिल्यांदा कॉलेजातच हातात येते. बास्केटबॉलच्या बचावात चेंडू पलीकडे गेला की आपली खेळाडू सोडून बास्केटसमोर मधे सरकायचं, हे अंगात मुरलेलं असतं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन सेकंदांचा नियम आक्रमणाला आहे, बचावाला नाही. इथे नेमकं उलटं. म्हणजे ती मुलगी आळशी नाही, शिकवलेलं नीट करते आहे, फक्त खेळ वेगळा आहे.

त्यावर उपाय:

कमान शंकूंनी आखा. चार आक्रमक कमानीबाहेर, चार बचावपटू आत. आक्रमकांनी फक्त पास द्यायचे, शॉट नाही. बाहेर उभी एक जण मोठ्याने "एक, दोन" म्हणते. "दोन" ऐकलं की आतल्या प्रत्येकीने एकतर काठी पुढे करून आपल्या खेळाडूला टोकाने स्पर्श होईल इतकं जवळ जायचं, नाहीतर दोन्ही पाय कमानीबाहेर टाकून परत आत यायचं. परत आली की गणती नव्याने. हे ९० सेकंद सलग करा, मग अदलाबदल. पहिल्या दिवशी सगळ्या एकदमच बाहेर उड्या मारतात आणि मधला भाग उघडा पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी बोलण्याचा नियम घाला: बाहेर पडणारीने "बाहेर" ओरडायचं, शेजारच्या मुलीने "मी आहे" म्हणून जागा घ्यायची.

शूटिंग स्पेससाठी वेगळी सवय लागते. चेंडूवालीकडे धावताना सरळ रेषेत जायचं नाही. बाजूने वळसा घेत तिच्या काठीच्या खांद्याकडे जायचं. सरळ धावलं की शेवटचे दोन मीटर आपण पाचरीतच असतो, आणि फाउल तिथेच होतो.

टेबलावरून

थ्री सेकंद्सवर एवढी चर्चा चालू आहे, पण क्लबमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ कार्डांचा आहे. डोक्याला चेक लागला तर कार्ड सक्तीचं आहे, पंचाच्या मर्जीवर नाही. स्लॅश (काठीचा बेफाम फटका) केला तरी तेच. डोक्याभोवती साधारण सात इंचांचा काल्पनिक गोल धरलेला आहे, काठी त्यात आणायचीच नाही. तरीही "चुकून लागलं" म्हणून नुसता फाउल देऊन सोडलं जातं. चुकून की मुद्दाम हा प्रश्न पिवळं की लाल हे ठरवताना येतो. कार्ड द्यायचं की नाही, तिथे तो येतच नाही.

आपल्याकडच्या लोकांचा घोळ हॉकीमुळे होतो. हॉकीत हिरवं कार्ड दोन मिनिटांचं, पिवळं किमान पाच मिनिटांचं. इथे पिवळं दोन मिनिटांचं, आणि हिरवं कार्ड खेळात उशीर करण्यासारख्या गोष्टींसाठी. एकाच मुलीला दुसरं पिवळं मिळालं की ती त्या सामन्यातून बाहेर.

नोंदी आणि घड्याळ सांभाळणाऱ्या टेबलावर बहुतेक वेळा राखीव खेळाडू किंवा त्यांच्या मैत्रिणी असतात, म्हणून हिशोब लिहूनच ठेवा. घड्याळ उलटं चालतं. ९:४० ला पिवळं कार्ड दिलं तर परत येण्याची वेळ ७:४०. क्वार्टर संपायला ०:५० बाकी असताना दिलं तर उरलेला १:१० पुढच्या क्वार्टरमध्ये जातो, म्हणजे १५ मिनिटांच्या क्वार्टरमध्ये ती १३:५० ला परत. २०२२ च्या हंगामापासून कॉलेजमध्ये ३० मिनिटांच्या दोन अर्ध्यांऐवजी चार क्वार्टर आले, त्यामुळे असे तुकडे जास्त पडतात आणि चुका इथेच होतात.

दुसरी चूक डोकी मोजण्याची. कार्ड लागलेला संघ रिस्ट्रेनिंग लाइनच्या आत एक कमी हवा: बचावात आठऐवजी सात, आक्रमणात सातऐवजी सहा. बचावात सगळ्यांना आठवतं. चेंडू मिळून पुढे धावत गेलं की विसरतात, सातवी रेषा ओलांडते आणि हातचा चेंडू जातो.

उजवी बगल

मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. एनसीएएचे बदल क्लबने त्याच वर्षी का घ्यायचे?

पूर्वी शिट्टी वाजली की मैदानावरच्या सगळ्या मुली जागच्या जागी थांबायच्या. २०१८ च्या हंगामापासून फ्री मूव्हमेंट आली, शिट्टीनंतरही हलता येतं. ड्रॉच्या (चेंडू उडवून खेळ सुरू करण्याच्या) वेळी दोन रिस्ट्रेनिंग लाइन्सच्या मधे प्रत्येकी पाचऐवजी तीनच मुली ठेवल्या. सेल्फ-स्टार्टमुळे फाउल मिळालेली मुलगी पंचाच्या शिट्टीची वाट न पाहता सुरू करते. खेळ वेगवान झाला, छान झालं. पण हे सगळं घडलं ते ९० सेकंदांचं पझेशन क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट घ्यायला लावणारं घड्याळ), तीन पंच आणि रोजचा सराव असलेल्या संघांमध्ये. आठवड्यातून दोन संध्याकाळी, भाड्याच्या मैदानावर सराव करणाऱ्या संघाला नवा नियम पचायला एक वर्ष द्यावं. तोपर्यंत जुना चालू ठेवावा.

कमानीजवळ

@उजवी बगल, याला माझा ठाम विरोध आहे. क्लबचे पंच वेगळे नसतात. शनिवारी एनसीएएच्या सामन्यात पंच असलेली व्यक्ती रविवारी क्लबच्या सामन्यात असते. तिच्या डोक्यात दोन वेगळी पुस्तकं ठेवली की गोंधळ मैदानावर दिसणार. शाळेतून येणाऱ्या मुलीही आता फ्री मूव्हमेंटच शिकून येतात. जुना नियम ठेवला तर त्यांना उलटं शिकवावं लागेल.

सेल्फ-स्टार्टमध्ये जे बिघडतं ते नियम नवा आहे म्हणून नाही. तीनच चुका होतात. चेंडूवाली पूर्ण थांबत नाही, धावता धावताच सुरू करते. किंवा फाउल झाला त्या जागेपासून लांब जाऊन सुरू करते. आणि बचावपटू ४ मीटर मागे न जाता तिथेच चिकटून राहते, ती हलली की लगेच अंगावर जाते. एका सरावात वीस मिनिटं दिली तर तिन्ही सुटतात: पाय थांबवा, एक श्वास, मग निघा.

मधली फळी

सेल्फ-स्टार्टबाबत मी कमानीजवळ यांच्या बाजूने आहे. वर्षभर थांबून काही मिळणार नाही.

थ्री सेकंद्सबाबत मात्र अजून नाही. मोठ्याने सूचना देण्याची कल्पना चांगली, पण ती लीडने द्यायची म्हटलं तर चेंडू गोलमागे असताना त्याची पाठ कमानीच्या निम्म्या भागाकडे असते. त्या वेळी गणती ट्रेलने घ्यायला हवी, आणि ट्रेलने ती घेतली तर रिस्ट्रेनिंग लाइनवरची डोकी कोण मोजणार? सामन्याआधी दोन पंच बोलतात तेव्हा एवढं एकच ठरवून घ्यावं: चेंडू गोलमागे गेला की कमान ट्रेलची, वर आला की लीडची. आणि ते दोन्ही कॅप्टनना नाणेफेकीच्या वेळीच सांगावं.

सरावाची वही

हे जमण्यासारखं आहे. चेंडू गोलमागे असताना रेषा ओलांडायची घाई सहसा कुणाला नसते, सातही मुली आधीच आत असतात. ट्रेलने एकदा मोजलं की तो मोकळा. धोका फक्त चेंडू हिसकावला जाऊन उलटा पळाला तर.