तबला रेकॉर्ड करताना हेडफोनच्या वायरने वैताग आणलाय, लो-लेटन्सी (कमी उशिराचे) वायरलेस घेऊ का?

धाधिंधिंधा, डोंबिवली

नमस्कार मंडळी, घरी बेडरूममध्येच छोटा सेटअप आहे, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, बस. लोक अभंग-भावगीतांचे ट्रॅक पाठवतात, मी त्यावर तबला वाजवून परत पाठवतो. आता त्रास असा की हेडफोनची वायर डाव्या कपातून निघते आणि मी मांडी घालून बसलो की ती बरोबर डग्ग्यावर लोंबते, मींड काढायला मनगट पुढे सरकवलं की वायर मनगटाखाली. परवा एका अभंगाचा टेक इतका सुंदर झाला होता, ठेका छान बसलेला, आणि शेवटच्या कडव्याआधीच्या तिहाईत (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) वायर पुडीला, म्हणजे वरच्या चामड्याला, घासल्याचा सर्रर आवाज आलाय. तो डग्ग्याच्या घुमाऱ्यातच मिसळलाय त्यामुळे कापताही येत नाही, पूर्ण टेक परत करावा लागला आणि तसा परत झाला नाही हो.

घरातले ब्लूटूथ हेडफोन लावून बघितले, लग्गी (ठेक्यातलं जलद वाजवणं) सुरू केली की सगळं कोसळतं, हात पुढे आणि आवाज मागे. आता हे लो-लेटन्सी वायरलेस म्हणून जे मिळतात, स्टुडिओसाठी खास असतात म्हणे, ते कोणी खरंच वापरलेत का? पैसे घालायच्या आधी खरं काय ते कळू दे.

---

खर्जातला_सा, सांगली

ब्लूटूथचा नाद सोडा पहिला. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी कॉम्प्रेस होतो, मग पाकिटं करून जातो, पलीकडे हेडफोन थोडा साठा करून ठेवतो म्हणजे मध्ये तुटू नये, आणि या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. गाणी ऐकताना कळत नाही कारण सगळंच सारखं उशिरा येतं, व्हिडिओ बघताना प्लेअर चित्र मागे ओढून जुळवून घेतो. वाजवताना कोण मागे ओढणार? हिशोब करा, मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत तीनताल धरला तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे २०० चा उशीर झाला तर तुम्ही सम वाजवताय आणि ती ऐकू येतेय दुसरी मात्रा यायच्या जरा आधी. अशात कोणाचाही हात कोसळेल, त्यात तुमचं काही चुकत नाहीये.

अॅप्टएक्स लो लेटन्सी नावाचा प्रकार आहे, तो ४० च्या आसपास आणतो, पण पाठवणारं आणि ऐकणारं दोन्ही यंत्रं ती भाषा बोलणारी हवीत, नाहीतर गुपचूप साध्यावर येतं आणि तुम्हाला कळतही नाही. आणि ४० सुद्धा तबल्याला जास्तच.

---

तारेविना, पुणे

मी वापरतोय दीड वर्ष, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टुडिओसाठीचे जे वायरलेस आहेत ते ब्लूटूथवर चालत नाहीत, म्हणजे ब्लूटूथ असतं त्यात पण ते गाणी ऐकायला. रेकॉर्डिंगला वेगळा छोटा ट्रान्समीटर येतो, तो इंटरफेसच्या हेडफोन जॅकमध्ये लावायचा आणि तो स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लिंकवर हेडफोनशी बोलतो. एआयएआयएआय या डॅनिश कंपनीचा टीएमए-२ स्टुडिओ वायरलेस प्लस यातला बऱ्यापैकी नावाजलेला, कंपनी १६ मिलिसेकंद सांगते. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १६ मिलिसेकंद म्हणजे स्पीकर तुमच्यापासून साडेपाच मीटरवर ठेवल्यासारखं. मोठ्या स्टेजवर पेटीवाला तेवढ्या अंतरावर बसला तरी तबलजी वाजवतोच की.

पण खरी गोष्ट इथेच आहे. पेटी साडेपाच मीटरवर चालते, स्वतःचा तबला साडेपाच मीटरवर चालत नाही! तुमच्या हातापासून कानापर्यंत थाप दोन मिलिसेकंदांत पोचते, बंद कपाचे हेडफोन असले तरी थोडी आत येतेच, आणि मग तीच थाप माइकमधून फिरून हेडफोनमध्ये १६ ने उशिरा. 'ना' च्या मागे सावलीसारखा दुसरा 'ना' ऐकू येतो. पहिल्या आठवड्यात मी हेडफोन परत करायला निघालो होतो याच कारणाने. मग माइकचा आवाज हेडफोनमधून पूर्ण बंद केला, आत फक्त ट्रॅक नाहीतर लेहरा (तालाची फिरती धून), उजवा कप कानामागे सरकवलेला, तबला थेट खोलीतला ऐकायचा. त्या दिवसापासून कटकट संपली. उघड्या कपाचं स्पंज मात्र डोक्याला घट्ट टेकलेलं असू द्या, नाहीतर क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) माइकमध्ये शिरते.

आणि हे कोणी सांगत नाही: तुम्ही ऐकताय उशिरा, त्याच्याशी जुळवून वाजवताय, म्हणजे टेक पण तेवढाच उशिरा पडतो. रीपर इंटरफेसचा उशीर भरून काढतो पण जॅकच्या पुढे ट्रान्समीटर आहे हे त्याला माहीतच नाही. म्हणून मोजायचं. क्लिक लावा, साध्या वायरच्या हेडफोनचा कप माइकच्या अगदी तोंडाशी धरून दहा सेकंद रेकॉर्ड करा, मग तेच वायरलेसचा कप धरून दुसऱ्या ट्रॅकवर. दोन्ही वेव्हफॉर्म वरखाली ठेवून झूम करा, एकाच क्लिकच्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे निव्वळ वायरलेसचा उशीर. ४८ किलोहर्ट्झला एक मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल (आवाजाचे नमुने), माझा फरक ७७० च्या आसपास येतो, म्हणजे १६ म्हणतात ते खरं आहे. तेवढा टेक मागे, म्हणजे डावीकडे, सरकवायचा, किंवा प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओच्या रेकॉर्डिंग पानावर मॅन्युअल ऑफसेट आहे तिथे एकदाच टाकायचा, फक्त परत वायरवर आलात की तो काढायला विसरू नका.

ट्रान्समीटर राउटरजवळ नको, आणि लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला हार्डडिस्क लावली असेल तर तिच्याजवळ तर मुळीच नको, ती २.४ च्याच पट्ट्यात गोंगाट करते. घरचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. मी मध्येमध्ये आवाज तुटतो म्हणून हेडफोनलाच दोष देत होतो, हार्डडिस्क हलवली आणि थांबलं.

---

केदारगौळ, नागपूर

मी गाते, तबल्याचं मला माहीत नाही पण गाणाऱ्यांपैकी कोणी हा धागा वाचत असेल तर एवढं सांगते. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडातूनच ताबडतोब ऐकू येतो, तो कुठल्याही हेडफोनने थांबत नाही. त्यावर १६-२० ने उशिरा आलेला आवाज मिसळला की स्वर पोकळ वाटतो, नळीत तोंड घालून गातोय असा, आणि मी नकळत जास्त जोर लावायला लागले होते. तासाभरात गळा बसला. मला एकाने सांगितलं होतं की इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला) चालू कर मग उशीर शून्य. अहो पण ते शून्य जॅकपर्यंत, पुढे ट्रान्समीटर आहेच ना! आता मी गाण्याला वायरच वापरते, वायरलेस फक्त पेटीचे ट्रॅक भरताना आणि खोलीत फिरत ऐकताना.

ब्लूटूथवर तर गाऊच नका. २०० च्या आसपासचा उशीर कानात घातला तर साधं बोलणाऱ्याची सुद्धा जीभ अडखळते, यावर १९५० पासून अभ्यास झालेले आहेत.

---

रेकॉर्डिस्ट_कोल्हापूर

सगळं बरोबर आहे पण मूळ प्रश्न काय? वायर डग्ग्यावर लोंबते. मग वायर मागून न्या की! मी इतकी वर्षं तबलजींना बसवतोय, हेडफोन घातला की वायर मानेमागून घेऊन कुर्त्याच्या कॉलरला मागच्या बाजूला क्लिप, तिथून पाठीवरून खाली, कमरेशी दुसरी क्लिप, मग जमिनीवरून इंटरफेसकडे. दोन क्लिपांच्या मध्ये वीतभर ढील ठेवायची म्हणजे मान फिरवली तरी ओढ बसत नाही. वायर कमी पडत असेल तर तीन मीटरची एक्स्टेंशन, चांगल्या जॅकची घ्या, स्वस्तातली खरखरते. काम शंभर-दोनशेत होतं. किंवा इअरफोन वापरा, कानावरून मागे जाणारी वायर असलेले.

वायरलेसमध्ये आणखी एक वस्तू चार्ज करायची, आणि ती नेमकी चांगल्या टेकला संपते. मिक्सिंगला तर वायर किंवा स्पीकरच, यावर माझ्याकडे दुसरं मत नाही.

---

तारेविना, पुणे

दादा, क्लिपचं मान्य, सुरुवात त्यानेच करावी. पण मी एकटाच वाजवतो आणि एकटाच रेकॉर्ड दाबतो, दर टेकला उठून लॅपटॉपपाशी जायचं, परत बसायचं, तेव्हा ते क्लिप-एक्स्टेंशन गळ्यात बेडी होते. समोर दुसरा माणूस बसलेला असला तर मीही वायरच लावली असती.

---

धाधिंधिंधा, डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. दोन्ही करून बघितलं या रविवारी. वायर कोल्हापूरकर दादांनी सांगितली तशी पाठीवरून नेली, दोन टेक केले, एकदाही घासली नाही. मग मित्राचा गेमिंगचा डोंगलवाला हेडसेट आणून कप माइकला लावून मोजला, तर वायरपेक्षा ३१ मिलिसेकंद मागे. ब्लूटूथ पण मोजला, पहिल्यांदा २१४ आणि बंद करून परत जोडला तर १८७, म्हणजे सरकवून भरून काढायचं म्हटलं तरी दर वेळी आकडा वेगळा.

गेमिंगवाल्यात माइक बंद करून फक्त ट्रॅक ठेवला, एक कान उघडा, आणि भजनी ठेका वाजवला. वाजवताना काही जाणवलं नाही, खरंच. टेक ३१ ने मागे घेतल्यावर टाळ आणि 'धिं' एका रेषेत आले. म्हणजे पद्धत लागू पडतेय. सध्या क्लिपवर काम चालू ठेवतो, तो फसलेला अभंगही उद्या परत वाजवायचाय. ट्रान्समीटरवाले दिवाळीनंतर बघेन. तारेविना, तुमच्याकडचे एकदा ऐकायला मिळतील का, पुण्याला येणं होतं माझं महिन्यातून एकदा?

---

तारेविना, पुणे

या की, तबला इथे आहे, फक्त हातोडी घेऊन या, माझी हरवलीये.