दोनदा मिसकॅरेज, टॉर्च पॉझिटिव्ह आलं. नागपुरात पुढे कोणत्या तपासण्या कराव्या?

मानेवाड्याची लेक
नमस्कार. माझं वय 29. दोन मिसकॅरेज झाले, दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले. दुसऱ्या क्युरेटिंगनंतर टॉर्च प्रोफाइल (गरोदरपणात नडू शकणाऱ्या काही इन्फेक्शनची रक्ततपासणी) करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये टॉक्सो (टॉक्सोप्लाझ्मा), रुबेला आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलो व्हायरस), तिन्हीच्या आयजीजीपुढे ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह'. आयजीएम सगळे निगेटिव्ह. गोळ्यांचा मोठा कोर्स लिहून दिलाय, आणि नवऱ्याचीही टॉर्च करा म्हणाले. सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरी मांजर होती, तिथूनच हे आलं. माझ्या अंगातलं इन्फेक्शनच बाळाला नडतंय का, या विचारानं रात्रभर डोळा लागत नाही. कोर्स सुरू करू का? इन्फेक्शनच्या कोणत्या तपासण्या खरंच लागतात? नागपुरात कुठे दाखवू?

इतवारीची टेक्निशियन
ताई, मी लॅबमध्ये सिरॉलॉजीच्या टेबलावरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी मन शांत करा. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह याचा अर्थ ते इन्फेक्शन कधीतरी, बहुतेक लहानपणीच, होऊन गेलं आणि शरीरात त्याच्याविरुद्ध ताकद तयार झाली. रुबेलाचं तर लसीनंही तसंच येतं आणि ते यायलाच हवं असतं. सीएमव्हीचं आयजीजी आपल्याकडच्या दहातल्या नऊ बायकांमध्ये तरी सापडतं, आणि त्यातल्या बहुतेकींना व्यवस्थित लेकरं आहेत.

आता मुद्द्याचं. एखाद्या जंतूमुळे गर्भ पुन्हापुन्हा पडायचा असेल तर तो जंतू पिशवीत ठाण मांडून बसायला हवा, किंवा दर खेपेला नव्याने व्हायला हवा. टॉर्चमधले आजार तसे वागत नाहीत. नवं इन्फेक्शन नेमकं गरोदरपणात झालं तर त्या एका बाळाला धोका असतो, हे खरं. पण म्हणून वारंवार होणाऱ्या गर्भपातासाठी टॉर्च करू नका, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं आपल्या मार्गदर्शनात सांगितलंय. तरी आपल्याकडे ती पॅकेजमध्ये बसलेली आहे आणि प्रत्येक घरात हीच धास्ती भरते. मला याचा फार राग येतो. नवऱ्याच्या टॉर्चवर तर एक रुपयाही घालवू नका.

एकटं आयजीएम, म्हणजे ताज्या इन्फेक्शनची खूण, पॉझिटिव्ह आलं तरी लगेच घाबरायचं नसतं. ते कधीकधी कित्येक महिने टिकतं, कधी खोटंही येतं. तेव्हा अॅव्हिडिटी टेस्ट करून इन्फेक्शन जुनं की ताजं ते बघतात. तुमच्या रिपोर्टमध्ये तो प्रश्नच नाही. कोर्स सुरू करण्याआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला हा कागद दाखवा. आणि मांजरीला दोष नको. टॉक्सो कच्च्या राहिलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, मातीतूनही होतो.

वर्धमाननगर
माझ्या वहिनीनं टॉर्चचा पूर्ण कोर्स घेतला आणि पुढच्याच वेळी मुलगी झाली. अनुभव सांगून राहिले फक्त.

इतवारीची टेक्निशियन
वहिनींचं बाळ सुखरूप आहे, आनंदच आहे. पण दोन गर्भपातांनंतर काहीही औषध न घेता पुढची खेप नीट पार पडण्याची शक्यता साधारण चारात तीन असते. म्हणजे मधे कोणताही कोर्स दिला तरी श्रेय त्यालाच मिळतं.

आणि ताई, इन्फेक्शनमध्ये खरं करायचं ते हे: सिफिलिससाठी व्हीडीआरएल, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी. सिफिलिसवर उपचार झाले नाहीत तर तो दर गरोदरपणात नडू शकतो, बहुतेक चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर. निघालाच तर पेनिसिलीननं बरा होतो, फक्त नवऱ्यावरही उपचार हवेत. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात फुकट होते.

पाचवा महिना
माझी गोष्ट वेगळी, म्हणून लिहिते. माझं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. इतक्या उशिरा गेलं तर मात्र इन्फेक्शनकडे नीट बघावं लागतं. माझी लघवीची कल्चर केली, कारण जळजळ नसतानाही जंतू असू शकतात. खालून स्वॅब घेतला, त्यात बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीमार्गातल्या जंतूंचा बिघडलेला समतोल) निघालं. उशिराच्या गर्भपाताशी आणि वेळेआधीच्या बाळंतपणाशी त्याचा संबंध सापडलाय. पुढच्या वेळी सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजत राहिले आणि टाका घातला. तुमचं आठव्या आठवड्यातलं आहे, त्यामुळे हा रस्ता तुमचा नाही असं वाटतं.

उमरेड रोड
सिकलची (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली का दोघांची? आपल्या विदर्भात कोणी ती विसरू नये. नुसतं वाहक असल्यानं गर्भ पडत नाही, पण दोघंही वाहक असाल तर प्रत्येक बाळात आजार उतरण्याची शक्यता 25 टक्के. सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यात होते, त्यात काही आलं तर पुढे खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ततपासणी.

धंतोली नर्स
सुरुवातीच्या आठवड्यात पडलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भात गुणसूत्रांचाच दोष असतो. त्यात आईनं काही केलेलं किंवा टाळलेलं नसतं, हे सासूबाईंना वाचून दाखवा. देव न करो, पण पुन्हा क्युरेटिंगची वेळ आली तर निघालेला तुकडा गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायला आधीच सांगून ठेवा. तो सलाइनमध्ये ठेवायचा, फॉर्मॅलिनमध्ये नाही. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात आणि कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची ही तपासणी, होत नाही. धावपळीत हे हमखास राहून जातं.

दोन गर्भपातांनंतर पैसे घालायचेच तर इथे घाला: रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (ल्युपस अँटीकोअॅग्युलंट, कार्डिओलिपिन, बीटा टू ग्लायकोप्रोटीन), थायरॉइड, साखरेसाठी एचबीएवनसी, आणि पिशवीचा पडदा किंवा आकार बघायला थ्रीडी सोनोग्राफी. यातली अँटीबॉडी पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करावीच लागते, एकदाच्या रिपोर्टवर निदान पक्कं होत नाही. दोन्ही वेळा आली तर पुढच्या गरोदरपणात अॅस्पिरिन आणि हेपॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात, त्याचा उपयोग होतो. हेपॅरिन चालू असताना ल्युपसची टेस्ट करू नका, फसवी येते. इतकं करूनही निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे बाळ होतंच.

कुठे म्हणाल तर मानेवाड्याहून मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) जवळ आहे, गांधीबागला डागा हे सरकारी स्त्री रुग्णालय आहे, मिहानला एम्स. खासगीत जायचं तर धंतोली-रामदासपेठेत डॉक्टर भरपूर आहेत. कोणाकडेही जा, दोन्ही वेळच्या सोनोग्राफी आणि डिस्चार्जचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या.

मानेवाड्याची लेक
कोर्स थांबवून ठेवलाय, सोमवारी मेडिकलच्या ओपीडीत हा कागद घेऊन जाते. अँटीबॉडीची टेस्ट लगेच करू का? क्युरेटिंगला महिनाही झाला नाही.

धंतोली नर्स
सहा आठवडे तरी जाऊ द्या. थायरॉइड आणि सिकल आताही होईल.

नवी सदस्य
मधेच विचारते, माफ करा. माझं रुबेला आयजीजी निगेटिव्ह आलंय, आणि आम्ही आता चान्स घेणार आहोत.

इतवारीची टेक्निशियन
मग तुमच्यासाठी तो रिपोर्ट कामाचा आहे. आत्ता दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला) लस घ्या, त्यानंतर एक महिना चान्स घेऊ नका. दिवस गेल्यावर ही लस देत नाहीत, म्हणून आधीच उरकून टाका.