शब्दचर्चा : न किरकिरणारा रातकिडा

तापीकाठ :
शाळेच्या अंकासाठी एका किड्यावर लिहितोय. पाठीला कुबड, लांबलचक तंगड्या, अंगापेक्षा लांब मिशा. इंग्रजीत ‘केव्ह क्रिकेट’, म्हणून मी ‘गुहेतला रातकिडा’ लिहिलं. आईने वाचलं आणि विचारलं, ‘पंख नाहीत म्हणतोस, मग किरकिरतो कशाने?’ खरंच, तो किरकिरत नाही. त्याला पंखही नाहीत आणि कानही. मग रातकिडा म्हणावं का?

गिरणाकाठ :
खुशाल म्हण भाऊ. ‘क्रिकेट’ हा शब्द आवाजावरून पडलाय, आपला वेळेवरून. मुका असला म्हणून काय, चरायला निघतो रात्रीच. (कूळ मात्र आपल्या अंगणातल्या रातकिड्यांहून वेगळं, तेवढं एका ओळीत सांग.) मला खटकतं ते ‘गुहेतला’. यांच्या कितीतरी जाती जंगलात, दगडांखाली नि कुजक्या ओंडक्यांत राहतात. आणि ‘लेण्यातला’ तर नकोच. पितळखोरं माणसाने कोरलंय, गुहा आपसूक होते.

तापीकाठ :
‘हा किडा जगभर पसरला’ हे वाक्य चालेल?

गिरणाकाठ :
तिथेच तर गोम आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, चिली इथले एकाच उपकुळातले. बिनपंखी जीव एवढे समुद्र ओलांडणार कसा? अभ्यासकांचं म्हणणं असं की जमीनच फुटली, आधी पँजिया, म्हणजे सगळे खंड एकत्र असतानाचा महाखंड, मग त्याचा दक्षिणेकडचा तुकडा गोंडवन. आपल्याकडे खातेफोड होते तसंच. भाऊ जागचा हलत नाही, शेत मधून तुटतं. ‘पसरला’मध्ये चालून जाणं आलं. ‘विखुरला गेला’ लिही. बाल्टिकच्या अंबरात, म्हणजे जुन्या राळेत, याच कुळातले किडे सापडलेत, सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीचे. खातेफोड त्याच्याही कितीतरी आधीची.

केळीबाग :
‘पसरला’ला अगदीच मोडीत काढू नका. आशियातली एक जात कुंड्या-रोपांबरोबर युरोप-अमेरिकेच्या काचघरांत शिरली आणि तिथेच मुक्काम ठोकला. तो खरा प्रसार, माणसाच्या पाठीवर बसून झालेला. रोपांच्या ट्रेमधून काय काय शेतात येतं, ते शेडनेटवाल्याला विचारा.

तापीकाठ :
बरं, दोन्ही शब्द ठेवतो, दोन परिच्छेदांत. शीर्षक ‘मुका रातकिडा’ करणार होतो. आई म्हणाली, सातवीची पोरं ‘मुका’ वाचून दिवसभर खिदळतील. ‘अबोल’ कर.