पोटातल्या जंतूंना नको तेवढं श्रेय देतोय का आपण?

तटस्थ_प्राणी
वजन वाढलं, मूड गेला, अंगावर पुरळ आलं, झोप लागेना, हल्ली कशालाही एकच उत्तर, तुमचा मायक्रोबायोम (आतड्यातल्या जंतूंचा गोतावळा) बिघडलाय. माझं मत स्पष्ट आहे, यातलं बरंचसं फॅड आहे. आजारी माणसाच्या आतड्यात वेगळे बॅक्टेरिया सापडले, बहुतेक अभ्यास इथपर्यंतच येतात. आता आजारपणात खाणं बदललं, औषधं सुरू झाली म्हणून बॅक्टेरिया बदलले की ते बदलले म्हणून माणूस आजारी पडला, इथेच तर घोडं पेंड खातं. आणि तो लाडका आकडा, शरीरात आपल्या पेशींच्या दहापट बॅक्टेरिया, तोसुद्धा २०१६ मध्ये नीट हिशोब केल्यावर साधारण ३८ लाख कोटी विरुद्ध ३० लाख कोटी निघाला. जवळपास बरोबरीच की.

रानवारा
दहापट नाहीत म्हणून काम करत नाहीत असं थोडीच आहे? क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल हा बॅक्टेरिया घ्या. अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे बॅक्टेरिया मरतात, रान मोकळं मिळालं की हा माजतो, जुलाब सुरू, मग परत अँटिबायोटिक आणि काही दिवसांनी परत तेच. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशा पेशंटना निरोगी माणसाची विष्ठा (हो तीच, पातळ करून, नाकातून नळी घालून) दिली तर १६ पैकी १५ बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. इथे आधी काय आणि नंतर काय याचा वाद कुठे राहतो सांगा.

तटस्थ_प्राणी
तिथे नाहीच वाद. पण ते आतडं औषधांनी उजाड झालेलं असतं हो, त्यावरून लठ्ठपणा आणि डिप्रेशनवर उडी कशी मारता? लठ्ठ माणसाचे बॅक्टेरिया जंतूमुक्त उंदरात सोडले की उंदीर जास्त चरबी धरतो हे मीही वाचलंय, पण माणसांना सडपातळ लोकांच्या विष्ठेच्या कॅप्सूल दिल्या तर वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. कंपन्यांचं मात्र पी हळद नि हो गोरी चाललंय.

गोठ्यातला_डॉक्टर
पशुवैद्यक आहे, राहवलं नाही म्हणून लिहितो. गाईला चारा पचवता येत नाही, तिच्या कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव तो आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. एकदम भरपूर धान्य खाल्लं तर लॅक्टिक ॲसिड बनवणारे बॅक्टेरिया बेसुमार वाढतात, ॲसिडोसिस होतो म्हणजे आम्ल प्रमाणाबाहेर जातं, जनावर दगावतं सुद्धा. रवंथ बंद पडलेल्या जनावराला धडधाकट जनावराच्या कोटीपोटातलं पाणी पाजायचं हा इलाज तर माणसांच्या कॅप्सूलपेक्षा कितीतरी जुना. आणि सुबाभूळ! तिच्यात मिमोसिन नावाचं विष असतं, ऑस्ट्रेलियातली गुरं ती जास्त खाऊन आजारी पडायची, हवाईतल्या शेळ्या मजेत खायच्या. रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांचे बॅक्टेरिया ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि त्यांनाही सुबाभूळ पचायला लागली. जनावर तेच, चारा तोच, बदलले फक्त बॅक्टेरिया.

शंकासुर
भारी माहिती. पण माझा साधा प्रश्न, अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर प्रोबायोटिक (म्हणजे ते चांगल्या बॅक्टेरियांचं औषध) घ्यायचं की नाही?

तटस्थ_प्राणी
२०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने नेमकं हेच तपासलं. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे बॅक्टेरिया परत जागेवर यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

रानवारा
अर्धीच गोष्ट सांगताय. २०१७ मध्ये ओडिशातल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांवरची ट्रायल आली, लॅक्टोबॅसिलस आणि त्याचं खाद्य आठवडाभर दिलं तर सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. कुणाला, कधी, कुठला बॅक्टेरिया देताय त्यावर सगळं आहे, सरसकट फॅड म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

तटस्थ_प्राणी
मग तुम्ही माझंच म्हणताय ना! सुबाभळीत एक विष आणि ते तोडणारे बॅक्टेरिया, अल्सरमध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला बॅक्टेरिया, तो मारला की अल्सर सहसा परत होत नाही. असं बोट ठेवून दाखवा, मी मानतो. "समतोल बिघडला" हे काय निदान झालं?

गोठ्यातला_डॉक्टर
दर वेळी एकच सापडेल हा हट्ट चालत नाही साहेब. हॅचरीत (यंत्रात अंडी उबवतात तिथे) जन्मलेल्या पिल्लांना कोंबडी भेटतच नाही, आतडं रिकामं, साल्मोनेला हा रोगकारक बॅक्टेरिया आरामात घुसतो. फिनलंडच्या नुर्मी आणि रंतालांनी १९७३ मध्ये मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल पिल्लांना पाजला आणि साल्मोनेला रोखला. नंतर त्यातले मोजके बॅक्टेरिया वेगळे काढून देऊन पाहिले, पण अख्ख्या मिश्रणाइतका गुण सहसा येत नाही. मग यात बोट कुणावर ठेवू?

तटस्थ_प्राणी
आणि त्या अख्ख्या मिश्रणात काय आहे हे माहीत नसतं, म्हणूनच २०१९ मध्ये अमेरिकेत असा उपचार घेतलेला एक पेशंट दात्याच्या विष्ठेतल्या औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायने गेला. पिल्लांना चालतं ते माणसांना चालवून घ्यायचं का?

गोठ्यातला_डॉक्टर
नाही, दात्याची तपासणी कडक करायची, तशी एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने) त्यानंतर केलीच. रक्त देतानाही तेच करतो ना आपण.