जुनं मराठी साहित्य वाचायचंय, सुरुवात कुठून करू?

खापरीवाला: नागपुरात रोज खापरी ते बर्डी मेट्रोनं जाणं-येणं करून राहिलो, मोबाईल पाहून कंटाळलो. मागं एकानं जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली होती, तिच्या पन्नासाव्या पानावर अजूनही तिकीट अडकून आहे. छोटं पण दमदार काही सांगा ना.

संत्राबर्फी: भाऊ, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घ्या. १९३९ चं आहे पण जुनं वाटतच नाही, युरोपातून निघालेली बोट, नाझींपासून जीव वाचवून निघालेली हॅर्टा आणि एक मराठी माणूस, बस, आठवड्यात संपते. शेवटची पत्रं मात्र मेट्रोत वाचू नका, मी पूर्ण डब्यासमोर नाक पुसत होते.

महालकर: आपल्या विदर्भातलं सोडून बोटीवर कायले जाता? एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' वाचा. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, घरात दागिन्यांवरून कुजबुज, आमच्या काकाच्या वाड्यात हेच पाहिलंय, फक्त ट्रॅक्टरच्या जागी अँबेसेडर होती.

खापरीवाला: नाटक वाचायला जमंल का पण? पाहायचं असते ना ते.

महालकर: मोठ्यानं वाचा, घरी. वऱ्हाडी बोली आहे, जिभेवर आली की आपोआप चालते.

संत्राबर्फी: आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' नंतर तरी घ्याच. जाड आहे, पण बाई इतकी गमतीदार सांगते की पानं मोजायचं सुचत नाही.

खापरीवाला: बरं, आधी बोट. रुमाल ठेवतो सोबत.